पोच

परवा फोनवर सूचना आली. जागा संपत आली आहे, लवकरच नवे ई-मेल येणं बंद होईल. गूगलनं फुकट दिलेली १५ जीबी जागा माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला जन्मभर पुरेल, असं मी धरून चाललो होतो. पण सकाळी साडेपाचपासून येणारे सुविचार, लग्नांचे व्हिडिओ आणि त्या सगळ्याचा बॅकअप, यापुढे १५ जीबीचं काय चालणार? नातू म्हणाला, "आजोबा, द्या इकडे. सगळं सिलेक्ट करतो आणि उडवतो." मी फोन त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. म्हटलं, "उडवायचं काय, ते आधी बघावं लागतं रे."

त्याला वाटलं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे. तसा मी आहेच. पण माझ्या घाबरण्यामागे एक गोष्ट आहे. खरं तर दोन आहेत. त्या सांगायच्या तर आधी थोडा टपालाचा इतिहास सांगायला हवा. इतिहासाच्या मास्तराला एवढी सवलत द्या.

मी चिंचवडला आलो १९७४ साली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, मग टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. भोसरीच्या माळावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. मराठवाडा, खानदेश, कोकण, कर्नाटक, सगळीकडून माणसं आली आणि दहा बाय दहाच्या खोल्यांत चार-पाच जण मिळून राहू लागली. माणूस इथे, घर तिकडे. मध्ये दुवा काय? तर पोस्टकार्ड.

पण पत्ता म्हणजे मोठं दुखणं होतं. पिंपरी नावाची गावं महाराष्ट्रात ढिगानं आहेत. इथल्या इथे पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख अशी तीन पिंपळे. गावाकडून नुसतं 'मु. पो. पिंपरी' एवढंच लिहून पत्र टाकलं, तर ते कुठल्या पिंपरीला जायचं? या घोळावर उत्तर काढलं ते एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. त्यांनी आखलेली सहा आकडी पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. पिंपरी ४११०१८, चाकण ४१०५०१. कविता करणाऱ्या माणसानं देशाला आकडे दिले, याची मला कायम गंमत वाटत आली आहे. मी वर्गात मुलांकडून पिन कोड पाठ करून घेत असे. मुलांना ते मास्तरांचं खूळ वाटे.

त्या दिवसांत मी संध्याकाळी कामगारांचा साक्षरता वर्ग घेत असे. वर्ग नावालाच, निम्मा वेळ पत्रं लिहून देण्यात जाई. बीडकडचा एक फाउंड्री कामगार होता. त्याच्या भावाला मी पत्र लिहून दिलं. दीड महिन्यानं ते परत आलं. भाऊ ऊसतोडीला गेला होता, घराला कुलूप होतं. मला वाईट वाटलं, पण हा पठ्ठ्या खुशीत होता. म्हणाला, "गुरुजी, परत आलं ते बरं झालं. नायतर भाऊ रुसलाय म्हणून मी गावाकडं जायचंच सोडलं असतं."

तेव्हा मी हसलो होतो. त्यात किती मोठं शहाणपण होतं, ते कळायला मला पुढे तीस-पस्तीस वर्षं लागली.

न पोचलेल्या पत्राचं काय करायचं, याचा विचार टपाल खात्यानं फार पूर्वीच करून ठेवला होता. १८९८ च्या टपाल कायद्यात त्याची कलमंच होती. पत्र पोचवता येत नसेल तर आधी नवा पत्ता शोधून तिकडे पाठवायचा प्रयत्न करा. तेही जमत नसेल तर पोस्टमास्तर जनरलनं नेमलेला, गुप्तता पाळायला बांधलेला अधिकारी ते उघडेल. कशासाठी? तर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता सापडावा आणि पत्र त्याला परत करता यावं, एवढ्याचसाठी. पाठवणाराही सापडला नाही तरच शेवटी पत्र नष्ट करायचं. आत पैसा किंवा विकण्याजोगी वस्तू असेल तर ती वर्षभर सांभाळायची. अशा पत्रांच्या कचेरीला आधी 'डेड लेटर ऑफिस' म्हणत, पुढे 'रिटर्न्ड लेटर ऑफिस' म्हणू लागले. मेलेलं पत्र आणि परतलेलं पत्र. नावातला हा बदल मला फार आवडतो. तो कायदा आता राहिला नाही, २०२३ चा नवा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. पण सव्वाशे वर्षं या देशात सरकारी हुकूम होता, की पत्र पोचलं नाही म्हणून ते तुमचं होत नाही.

आता ई-मेलकडे येतो. (मराठी संकेतस्थळांवर काही हौशी मंडळींनी त्याला 'विरोप' असा छान शब्द काढला होता. तो काही रुळला नाही.) रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्यानं १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवलं आणि पत्त्यासाठी '@' हे चिन्ह निवडलं. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्रांच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. पिन कोडचीही तारीख तीच, १५ ऑगस्ट. योगायोग, दुसरं काय!

हे सगळं मला शिकवलं ते माझ्या एका विद्यार्थ्यानं. १९९३ चा दहावीचा. पुढे डिप्लोमा करून पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायच्या नोकरीला लागला. त्याचं किंवा कंपनीचं नाव इथे घेत नाही, त्याची गरजही नाही. तो म्हणाला, "सर, ई-मेल थेट जात नाही. टपालासारखाच टप्प्याटप्प्यानं जातो. एक सर्व्हर दुसऱ्याला पत्र देतो. दुसरा 'घेतलं' म्हणतो, त्याचा आकडा २५०. आणि तो आकडा आला, की पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची."

घेणाऱ्याच्या डिस्कवर जागाच नसेल तर? त्याचाही आकडा १९८२ च्या त्या नियमांत आहे, ४५२. अर्थ असा की 'आत्ता जागा नाही, नंतर या.' चारनं सुरू होणारं उत्तर तात्पुरतं, पाचनं सुरू होणारं कायमचं. ४५२ मिळालं की पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःजवळ ठेवतो आणि पुन्हा पुन्हा खेपा घालतो. किती दिवस? किमान चार-पाच दिवस खेपा घालाव्यात, असं नियम सांगतात. तरीही जमलं नाही तर कारण लिहून पत्र धन्याकडे परत. यालाच आपण 'मेल बाउन्स झाला' म्हणतो.

ऑक्टोबर १९८९ मध्ये या नियमांना एक पुरवणी निघाली. तिचा भावार्थ त्यानं मला मराठीत सांगितला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. एकदा पत्र स्वीकारलंत की ते क्षुल्लक कारणानं हरवायचं नाही. यंत्र बंद पडलं हे कारण चालणार नाही. आणि आधी कल्पना येऊ शकते अशी टंचाई, म्हणजे डिस्क भरली, हेही कारण चालणार नाही. १८९८ चा कायदा लिहिणारे आणि १९८९ ची पुरवणी लिहिणारे, एकमेकांना न पाहिलेली माणसं. पण बोलत होती एकच गोष्ट.

आता त्याची गोष्ट.

ऑगस्ट २००३. 'सोबिग-एफ' नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. तो लोकांच्या संगणकातून पत्ते गोळा करायचा आणि स्वतःच्या प्रती ई-मेलनं पाठवायचा. एकेक प्रत सत्तर-बाहत्तर किलोबाइटची. लबाडी अशी, की पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचंच नाव. त्यामुळे कारखान्याच्या सर्व्हरनं तो मेल नाकारून परत पाठवला, की तो जायचा तिसऱ्याच बिचाऱ्याकडे, नाहीतर अस्तित्वातच नसलेल्या पत्त्याकडे. तिथून उत्तर येईना, म्हणून परतीची पत्रं रांगेत साचत राहिली. गुरुवारी संध्याकाळी डिस्क शंभर टक्के भरली. आतल्या सर्व्हरवरही जागा नव्हती. कुणाचीही पत्रं आत जाईनात, बाहेर जाईनात. रांगेत आठ-साडेआठ हजार पत्रं. ड्रॉइंगं, शेड्यूल, कोटेशनं, सगळं त्यात अडकलेलं.

वरचे साहेब डोक्यावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "सगळा व्हायरसच आहे. उडव आणि सुरू कर." ह्यानं उडवलं. एक ओळीची आज्ञा, दहा मिनिटांत सर्व्हर सुरू. साहेबांनी पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी भोसरीहून एका छोट्या वर्कशॉपवाल्यांचा फोन आला. चार लेथ, सहा माणसं, एवढा त्यांचा संसार. कारखान्यानं सुधारित दर मागवला होता, त्यांनी सायबर कॅफेत जाऊन तो वेळेत पाठवला होता. उत्तर नाही. ऑर्डर दुसऱ्याला गेली होती. "आमचा मेल मिळाला होता का?" एवढंच ते विचारत होते. खरेदी खात्यानं फोन ह्याच्याकडे दिला. हा म्हणाला, "नाही काका, तुमचा मेल आलाच नाही."

"सर, तो आला होता," २००९ च्या दिवाळीत फराळाला आला तेव्हा तो मला म्हणाला. "लॉगमध्ये नोंद होती. गुरुवारी दुपारी आला होता. आमच्या सर्व्हरनं २५० म्हणून घेतला होता. मी तो फेकला. आणि आलाच नाही म्हणून सांगितलं."

काय करायला हवं होतं, हे तो पुढे अनुभवानं शिकला होता, आणि आता हाताखालच्या पोरांना तेच शिकवत होता. मला समजलं तेवढं सांगतो, कारण आजही कुठल्या तरी छोट्या कंपनीत कुणा पोरावर ही वेळ येतच असेल.

आधी दार बंद करायचं. घाबरायचं कारण नाही, बाहेरचे सर्व्हर आपली पत्रं चार-पाच दिवस सांभाळतात. ती पत्रं आपल्या भरलेल्या घरापेक्षा त्यांच्याकडे सुरक्षित असतात. मग जागा करायची ती आपल्या सामानातून, म्हणजे जुन्या तात्पुरत्या फायली, जुने बॅकअप यांतून. लोकांच्या पत्रांतून नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर अख्खी रांग दुसऱ्या डिस्कवर हलवायची. त्यांच्या सेंडमेल नावाच्या प्रणालीत प्रत्येक पत्राच्या दोन फायली असत, एकीत पत्ता आणि एकीत मजकूर. प्रणाली थांबवून दोन्ही जोडीनंच हलवायच्या. नाहीतर पत्त्याविना मजकूर आणि मजकुराविना पत्ता, अशी गत. मग निवड करायची. परतीच्या पत्रावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम रिकामी असते, म्हणजे परतलेलं पत्र पुन्हा परतत बसत नाही. ती रिकाम्या नावाची पत्रं आधी बाजूला काढायची. राहतात ती माणसांची. त्यांतला सोबिगही ओळखू यायचा, ठराविक विषय आणि ठराविक आकार. गोंधळ बहुतेक परतीच्या पत्रांचाच होता.

"किती वेळ लागला असता?" मी विचारलं.

"अर्धा तास, सर. फार तर तास."

आणि इतकं करूनही काही नष्ट झालंच, तर लॉग असतो. कुणाकडून, कुणाला, किती वाजता, सगळी नोंद. त्यावरून यादी काढायची आणि दोन ओळी पाठवायच्या: आपलं पत्र आलं होतं, आमच्या चुकीनं गेलं, कृपया पुन्हा पाठवा. त्याच्याकडे तो लॉग होता. दोन ओळी तेवढ्या पाठवल्या गेल्या नाहीत.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकारच मला नव्हता. ही दुसरी गोष्ट.

आदल्या वर्षी, २००८ मध्ये मी निवृत्त झालो. शाळेतलं टेबल रिकामं करताना सगळ्यात खालच्या खणात, जुन्या हजेरीपत्रकांखाली, एक निळं इनलँड सापडलं. आमच्या शाळेतल्या एका शिपायाच्या नावाचं. तो १९८९ मध्ये नोकरी सोडून गेला होता आणि पत्र त्यानंतर लगेच आलेलं होतं. मला स्पष्ट आठवलं. मीच ते घेतलं होतं. "तो हिशेबाचे कागद न्यायला येईल तेव्हा देऊ" म्हणून खणात टाकलं होतं. तो आला तेव्हा मी रजेवर असेन, किंवा विसरलो असेन. पत्ता खोडून नवा लिहिला असता आणि पेटीत टाकलं असतं, तर पोस्टानं ते एक पैसा न घेता पुढे पाठवलं असतं. मुलांकडून पिन कोड पाठ करून घेणाऱ्या मास्तरांच्या खणात एकोणीस वर्षं एक पत्र पडून होतं!

ते घेऊन मी एसटीनं राजगुरुनगरच्या पलीकडे त्याच्या गावी गेलो. तो अंगणात बसला होता. ओळख पटली, चहा झाला, मग मी पत्र काढून दिलं आणि झालं ते सांगितलं. त्यानं कडा नीट फाडून ते उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाला, "बरं झालं आणलंत, सर." पत्रात काय होतं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कायद्यातला तो गुप्ततेला बांधलेला अधिकारी मला त्या दिवशी आठवला. परत येताना सबंध वाट मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

ही गोष्ट मी त्या दिवाळीत विद्यार्थ्याला सांगितली आणि एवढंच म्हटलं, "त्या भोसरीच्या काकांना भेटून ये."

तो गेला. काकांचं वर्कशॉप तोवर चाकणला हललं होतं. त्यानं खरं ते सांगितलं. काका रागावले नाहीत. बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे माझा रेट जास्त होता म्हणून ऑर्डर गेली नव्हती तर." उत्तर आलं नाही याचा त्यांनी तसा अर्थ लावला होता. त्यानंतरची सहा वर्षं ते प्रत्येक कोटेशन दोन रुपये कमीच करून देत आले होते.

हे ऐकलं आणि मला तो बीडचा फाउंड्री कामगार आठवला. भाऊ रुसलाय म्हणून गावाकडे जायचं सोडलं असतं, म्हणणारा. न पोचलेल्या पत्राचं नुकसान मोजता येतं, एक ऑर्डर, एक निरोप. पण न पोचलेलं आणि परतही न आलेलं पत्र गप्प बसत नाही. माणूस त्या गप्पपणाचा अर्थ लावतो आणि बहुतेक वेळा तो अर्थ स्वतःच्या विरुद्ध लावतो. म्हणून परत येणारं पत्र हे अपयश नव्हे. खेपा घालणारा पोस्टमन आणि पाच दिवसांनी कंटाळून 'जमलं नाही हो' म्हणणारा सर्व्हर, दोघंही प्रामाणिक. त्यांनी उत्तर दिलं.

आता यंत्रं पुष्कळ सुधारली. सोबिगसारख्या अनुभवांनंतर सर्व्हर शहाणे झाले. आधी घेऊन मग परत पाठवण्यापेक्षा, नको ते पत्र दारातच नाकारायचं, असं वळण पडलं. २००४ मध्ये जीमेलनं एक जीबी जागा दिली तेव्हा लोकांना १ एप्रिलची थट्टा वाटली होती. आज १५ जीबीही पुरत नाही. जागा कितीही वाढवा, ती भरतेच. भरल्यावर आपण काय करतो, एवढंच आपल्या हातात.

मराठीत 'पोच' हा शब्द मोठा मजेशीर आहे. पत्र मिळाल्याची पावती म्हणजे पोच, आणि समज असणं म्हणजेही पोच. 'त्याला काही पोच नाही' असं आपण म्हणतो ना, तेच. जुन्या पत्रांची सुरुवातच 'पत्र पावले, मजकूर समजला' अशी असे. तेव्हा तो रिवाज वाटे. आता वाटतं, सगळा सभ्यपणा त्या चार शब्दांत होता.

असो. परवा मी आणि नातू दोन तास बसून फोन साफ करत होतो. सुविचार उडवले, लग्नांचे व्हिडिओ उडवले. ई-मेल मात्र एकेक बघून. त्यात एका जुन्या विद्यार्थिनीचं पत्र निघालं, पाच महिन्यांपूर्वीचं, न उघडलेलं. मुलीच्या शाळाप्रवेशाबद्दल सल्ला विचारला होता. प्रवेश आता होऊनही गेला असेल. तरी मी लिहिलं, "तुझं पत्र पोचलं होतं. चूक माझी. मी वाचलंच नव्हतं."

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. "सर, मला वाटलं तुम्हाला माझा राग आला आहे."